पायाचं अक्षर

बाबांच्या मते अक्षरं दोनच प्रकारची होती, पायाची आणि बिनपायाची. इंग्रजी अक्षराची उभी रेघ जिथे संपते तिथे वर-खाली छोटी आडवी पट्टी असेल तर ते पायाचं. रेघ नुसतीच तोडल्यासारखी थांबत असेल तर बिनपायाचं. पायाच्या जाड अक्षराचा नमुना त्यांना तरुणपणी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या रद्दीत मिळाला होता. सगळी मुळाक्षरं असलेला तो एकच कागद, कडा कुरतडलेला, त्यांनी पडवीच्या भिंतीवर भाताच्या खळीने चिकटवला होता आणि त्यावर पेन्सिलने चौकटी आखल्या होत्या. पाटी केवढीही असो, चौकटींच्या हिशेबाने अक्षर वाढवायचं. पुढे त्यांनी मराठी अक्षरांनाही पाय दिले. काना जिथे संपतो तिथे डावीकडे वळलेली एक लहान पाचर. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि पनवेलमध्ये दुसरा कोणी पेंटर तसं करत नव्हता. आई म्हणायची, "अक्षरांना चपला घातल्यात तुम्ही. घरात येताना काढायला सांगा त्यांना."

अक्षर जाड करायचं म्हणजे काय, याबद्दल बाबांचे नियम पक्के होते. जाड करायची ती फक्त उभी रेघ. आडवी आणि वळणाची रेघ बारीकच राहिली पाहिजे, नाहीतर अक्षर सुजल्यासारखं दिसतं. 'व'चं पोट, 'क'ची दोन्ही पोटं, 'ए'च्या आतली जागा, ही पांढरी राहिली पाहिजे. माणूस अक्षर वाचतो ते काळ्यावरून नाही, आतल्या पांढऱ्यावरून, असं ते म्हणायचे आणि ब्रशची टोकं दोन बोटांत धरून सरळ करायचे. पुढे वर्तमानपत्राच्या टेबलावर मी बरीच वर्षं मथळे लावले. संगणकावर एक कळ दाबली की अक्षर जाड होतं, पण ते चहूबाजूंनी सारखंच फुगतं. मृत्यूच्या आणि अपघाताच्या बातम्यांना आमच्याकडे पायाचाच ठळक टाइप वापरायची पद्धत होती. का, ते कोणाला माहीत नव्हतं. आधीच्यांनी वापरला म्हणून पुढच्यांनी. बाबांकडे कारण होतं. ज्या दारातून माणूस थोडा बिचकत आत जातो तिथे पायाचं अक्षर, आणि जिथे तो आनंदाने जातो तिथे बिनपायाचं.

त्यामुळे वकील, दाताचे डॉक्टर, पतपेढी, शाळेचं ऑफिस आणि कब्रस्तानाचं फाटक ही कामं पायाच्या अक्षरात. मिठाईवाला, ब्यूटी पार्लर आणि मोबाइलचं दुकान गोल, बिनपायाच्या अक्षरात, आणि ती ते नाखुषीने करायचे. जासईच्या कंटेनर यार्डांतून 'धोका' आणि 'वेग मर्यादा' यांच्या पाट्यांची कामं यायची. नेऱ्याकडे मुंबईच्या लोकांनी फार्महाउस बांधायला सुरुवात केल्यावर 'खासगी मालमत्ता, आत येऊ नये' या मजकुराला मागणी वाढली. मोऱ्याहून होड्यांची नावं लिहायला बोलावणं यायचं. तिथे ते दिवसभर जायचे आणि संध्याकाळी कपड्यांना रंगाबरोबर सुक्या मासळीचा वास घेऊन परतायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आमचं घर तळ्याच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवी ही बाबांची, आतलं घर आईचं, आणि टर्पेंटाइनचा वास दोन्हीकडचा. आमच्या घरच्या भाकरीला तो वास लागतो असं मैत्रिणी सांगायच्या. आम्हाला कधी जाणवला नाही. सकाळी पॉलिशपेपर फळीवर घासल्याचा आवाज, त्याच्या वर एसटी स्टँडवरून येणारी गाड्यांची घोषणा, मध्येच अजान, आणि आत आईच्या तव्यावर तांदळाची भाकरी उलटताना होणारा हाताचा थापटा. दुपारच्या जेवणाला बाबांना सुकट लागायची, कांद्यात परतलेली, वरून कोकम पिळलेली. जेवताना ते उजव्या हाताच्या करंगळीवरचा रंग तपासायचे. आई म्हणायची, तेवढा काळा रंग पोटात गेला असेल तर आतून पाटी लिहून झाली असेल तुमची.

पाटी पूर्ण झाली की ती लगेच जात नसे. बाबा ती पडवीसमोरच्या कट्ट्यावर टेकवून उभी करत आणि आईला हाक मारत. आई पदराला हात पुसत बाहेर येई, गल्ली ओलांडून समोरच्या विजेच्या खांबापाशी उभी राही आणि तिथून पाटी मोठ्याने वाचे. ती तिसरीपर्यंत शिकली होती. वाचताना बोट हवेत अक्षराखाली सरकवायची. ती न अडखळता शेवटापर्यंत गेली तर पाटी पास. कुठे थांबली तर बाबा तिथे खडूने खूण करत आणि ते अक्षर पुन्हा बघत. काय चुकलं हे तिला सांगता यायचं नाही आणि बाबा विचारायचेही नाहीत. गिऱ्हाइकाने पाटी आवडली म्हटल्यावरही तिच्या वाचण्याशिवाय ती हलत नसे. गल्लीतली माणसं त्या वेळी वळसा घेऊन जात, सायकलवाले थांबत. एका दाताच्या डॉक्टरांसमोर तिने त्यांची पाटी वाचली आणि सांगितलं, छान आहे, वाचूनच दात दुखायचा थांबला.

फ्लेक्स आला तेव्हा मी कॉलेजात होते. कोपऱ्यावर रंगाचं दुकान असलेले कासमभाई बाबांचे जुने मित्र. त्यांचा मुलगा कुवेतहून परतला आणि त्यांनी दुकानाच्या मागे फ्लेक्स छापायचं मशीन बसवलं. वाढदिवस, निवडी, हळदी, सगळं एका दिवसात आणि फोटोसकट. बाबांची कामं कमी झाली, पण बंद झाली नाहीत. पावसात टिकणारी, वर्षानुवर्षं राहणारी पाटी लोकांना तेव्हाही हवी होती. कासमभाईंनी त्यांना मशीनवर बसायला बोलावलं. बाबा एकदा जाऊन आले आणि म्हणाले, मशीनला पाय काढता येतात, पण ते जमिनीला टेकत नाहीत. मग दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि संध्याकाळचा चहा पूर्वीसारखा चालू राहिला.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मला वाशीच्या एका दैनिकात लागून वर्ष झालं नव्हतं. सकाळची वेळ होती, ती तांदूळ निवडत होती आणि सूप हातातून सुटलं. उजवा हात आणि पाय गेले. पाय काही महिन्यांनी बराचसा परत आला, हात थोडा. वाचा गेली. तिच्याकडे एकच शब्द उरला, 'अगं'. डॉक्टरांना अगं, कासमभाईंना अगं, दूधवाल्याला अगं. बाबांना ती आयुष्यभर अहो म्हणत आली होती. आता त्यांनाही अगं. बोललेलं तिला समजायचं. चेष्टा केली की हसायची, कोणी वारल्याचं कळलं की कपाळाला हात लावायची. पण काही हवं असलं की तो एकच शब्द वेगवेगळ्या उंचीवर यायचा, मग डोळ्यांत पाणी, मग आमची धावाधाव. पाणी? गोळी? खिडकी? पंखा? बऱ्याच वेळा यातलं काहीच नसायचं, आणि थोड्या वेळाने ती हात झटकून दुसरीकडे बघायची. तिला काय हवं होतं ते त्या-त्या वेळी कळलं नाही आणि नंतर कळण्याचा मार्ग नव्हता.

वाचणंही गेलं आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं. त्यांनी तिच्यासमोर छापील कागद धरला, तिचंच नाव लिहून दाखवलं, मग बाबांना समजावलं. "त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. अक्षर दिसतंय त्यांना. दिसलेल्याचा अर्थ मेंदूत जिथे लागतो, तिथे इजा झाली आहे. थोडंफार परत येईल, किंवा नाही येणार. जबरदस्ती करू नका." बाबांनी मान हलवली, धन्यवाद म्हणाले. बाहेर पडताना ते दवाखान्याच्या पाटीसमोर थांबले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "कागदावरचं अक्षर बघितलंस का केवढं होतं? मुंगीएवढं. मलाही लागलं नसतं."

त्यानंतरच्या आठवड्यात घरात पाट्या लागल्या. पत्र्याच्या छोट्या पट्ट्या, पांढऱ्या रंगावर काळं पायाचं अक्षर: दार, पाणी, देव, पंखा. डब्यांना सुतळीने बांधलेल्या मीठ, साखर, तिखट, चहा. ते अक्षर दुरून, घाईत, धुक्यात, चालत्या ट्रकमधूनही वाचता येतं, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव होता, आणि त्या अनुभवाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. सकाळी चहा झाला की ते आईला हाताला धरून पट्टीपाशी नेत, बोट अक्षराखाली ठेवत आणि म्हणत, "हं, वाच." आई पट्टीकडे बघे, त्यांच्याकडे बघे, म्हणे, "अगं." ते म्हणत, "बरोबर. पाणी." कासमभाई हे बघून गेले आणि दारातून म्हणाले, "मास्तर, आता स्वतःच्या कपाळावर 'शौहर' लिहून घ्या, भाभींना पटकन ओळख पटेल." आई खळखळून हसली. बाबांनी तिच्या हसण्याकडे बोट दाखवलं. बघा, कळतंय तिला, म्हणाले.

मीठ कुठे आहे हे तिला पट्टीशिवाय माहीत होतं. डाव्या हाताने ती पुन्हा डाळ-भात करू लागली होती, डबे न बघता काढायची. आठवड्याने डबे घासले की पट्ट्याही ओल्या फडक्याने पुसून ठेवायची आणि सुतळीने हाताला येईल तशा बांधायची, कुठलीही कुठल्याही डब्याला. आमच्या घरात त्या पाट्या वाचणारे एकटे बाबाच होते. एके सकाळी ते स्वतः चहा करायला उठले आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यातलं मीठ घातलं. एक घोट घेतला, मग उरलेला चहाही प्यायले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, अक्षर वाचूनच घातलं होतं.

गिऱ्हाइकांच्या पाट्याही चालूच होत्या. कामं थोडी होती, पण प्रत्येक पाटी कट्ट्यावर उभी राहायची आणि बाबा आईला गल्लीपलीकडे खांबापाशी नेऊन ठेवायचे. ती डाव्या हाताने खांब धरून उभी राहायची. तिने "अगं" म्हटलं की ते त्या आवाजाचा अंदाज घ्यायचे. कधी पाटी पास करायचे, कधी एखादी उभी रेघ केसभर वाढवायचे. लोक आता थांबत नसत. गल्लीच्या त्या तोंडाने यायचंच टाळत.

मोऱ्याच्या जनू नाखव्याने होडीच्या केबिनवर लावायची सागवानी फळी आणून दिली ती नारळी पौर्णिमेच्या आधी. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या बाहेर पडण्याचे दिवस. नाव 'एकवीरा कृपा'. त्याच्या आधीच्या होडीचं नावही बाबांनीच लिहिलं होतं. मला सुट्टी होती त्या दिवशी बाबा दुपारच्या आत फळी संपवून मोकळे झाले. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. पांढरा हात दिलेल्या फळीवरचं काळं अक्षर जसं असायला हवं तसंच होतं. उभ्या रेघा दोन बोटं रुंद, वळणं काडीएवढी बारीक, 'पा'च्या कान्याखाली पाचर. बाबांनी ती कट्ट्यावर टेकवली, आईला पलीकडे नेलं आणि परत येऊन फळीशेजारी उभे राहिले.

आई म्हणाली, "अगं." आवाज खाली गेलेला होता, म्हणजे बाबांच्या हिशेबात नापास. त्यांनी ब्रश घेऊन सगळ्या उभ्या रेघा थोड्या वाढवल्या. "आता?" अगं. पुन्हा वाढवल्या, आणि उभ्या रेघा वाढल्यावर बारीक वळणं त्यांच्यापुढे अगदीच दुबळी दिसू लागली, म्हणून वळणांवरही ब्रश फिरवला. ते असं करताना मी पहिल्यांदा बघत होते. मी म्हटलं, बाबा, बास. ते म्हणाले, "ऊन आहे. ओला रंग चमकतोय, म्हणून दिसत नाही तिला." आई उन्हातच होती. मी तिला आत आणायला निघाले तर तिने खांब सोडला नाही. त्या जागी आणून ठेवल्यावर काम संपेपर्यंत तिथे राहायचं, एवढं तिच्या अंगात पक्कं होतं. बाबा दर वेळी विचारत, "आता?" आणि ती दर वेळी त्यांना उत्तर देत होती. आधी 'व'चं पोट बुजलं. मग 'क'ची दोन्ही. मग 'रा' आणि त्याच्या मागची वेलांटी एकमेकांना चिकटली. शेवटी बाबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला तेव्हा फळीवर शिरोरेषेखाली एक जाड काळा पट्टा होता आणि त्याला खालून काही ठिकाणी पाय होते.

तेव्हा आई खांब सोडून स्वतःहून गल्ली ओलांडून आली, पाय ओढत. फळीसमोर वाकली आणि डाव्या हाताचं बोट ओल्या रंगात घालून बाहेर ओढलं. काळ्यात एक पांढरी खाच उमटली. बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही, मी बरीच वर्षं प्रयत्न करून बघितला आहे.

"बघितलंस? 'व'चं पोट उघडलं तिने."

तिच्या बोटाच्या टोकावर रंगात अडकलेलं एक चिलट होतं. ती ते अंगठ्याने पुसून टाकत होती. मी म्हटलं, चिलट होतं बाबा.

"चिलट कुठेही बसलं असतं," बाबा म्हणाले.

बाबांच्या तेव्हाच्या वयाला मी आता पोचले आहे. जे दिसलं ते लिहायचं, हे मला कामात शिकवलं गेलं. खाच 'व'च्या जागी होती. चिलट बोटावर होतं. यापुढचं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनू नाखवा आला, हातात सुक्या बोंबलांची जुडी, आईसाठी. फळी पडवीत भिंतीला टेकलेली होती. तो फळीसमोर जाऊन उभा राहिला. बाबांनी त्याला सांगितलं, कसलीही लाज न बाळगता सांगितलं, की काल हिच्याकडून वाचून घेत होतो, तिला दिसत नव्हतं म्हणून वाढवत गेलो. पण एका ठिकाणी तिने स्वतः दुरुस्ती केली आहे, ही बघ. नाखव्याने ती खाच बघितली. मग उंबऱ्यात बसलेल्या आईकडे बघितलं.

"वैनी, तुमी केलंव?"

"अगं," आई म्हणाली.

"हाय, हाय," नाखवा म्हणाला. तो पडवीत खाली बसला, चहा घेतला, पावसाचं आणि डिझेलचं बोलला. उठायच्या आधी फळीकडे न बघता म्हणाला, "मास्तर, मला मानूस म्हून काय बी चालतंय. पन होडीला नाव दिसाया पायजे. दर्यात दुसरी होडी आमाला त्या नावानंच वलखतंय. तुमी वाचून नका घेऊ कोनाकडना. तुमाला वाचता येतंय ना? मंग झालं. मी जेवनाच्या वक्ताला येतंय."

 तो गेल्यावर बाबांनी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं. रंग वरून सुकला होता, आत ओला होता. तो सालीसारखा निघाला. पांढऱ्याचा एक पातळ हात देऊन त्यांनी फळी टेबल-पंख्यासमोर ठेवली, मग दोरा ताणून पुन्हा आखली आणि लिहिली. भिंतीवरच्या कागदाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. पुन्हा तेच अक्षर, उभं जाड, आडवं बारीक, सगळी पोटं पांढरी. या वेळी त्यांनी आईला हाक मारली नाही. फळी पडवीतच खाटेवर आडवी ठेवली.

नाखवा टेम्पो घेऊन आला. रंग बोटाला लागत होता, म्हणून दोघांनी फळी कडेने धरून उचलली. फळी पडवीतून बाहेर पडताना बघून आई उठली. भिंतीचा आधार घेत पायरी उतरली आणि त्यांच्या आधी गल्ली ओलांडून खांबापाशी जाऊन उभी राहिली, तोंड कट्ट्याकडे करून. नाखवा अडखळला. बाबा म्हणाले, चल. फळी कट्ट्यावर न टेकवता त्यांनी ती सरळ टेम्पोत चढवली आणि दोरीने बांधली. टेम्पो गल्लीतून मागे-मागे जात रस्त्याला लागला.

आई तिथेच होती. डाव्या हाताने खांब धरलेला. बाबा तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चल आत. आज काही नाही."

ती हलली नाही. त्यांनी तिच्या हाताखाली हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला. मी दारातून बघत होते. बाबा वळून तिच्या शेजारी उभे राहिले आणि तेही तिच्यासारखेच समोरच्या रिकाम्या कट्ट्याकडे बघत राहिले.